सतरा सप्टेंबरनंतरचे मराठवाड्यातील आठवडे

दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन आटोपले की आमच्या महाविद्यालयांत मुक्तिसंग्रामावर व्याख्यान होते. रझाकारांचे अत्याचार सांगितले जातात, स्वामी रामानंद तीर्थांना अभिवादन होते, आणि १९४८ मधील त्या संध्याकाळी इतिहास थांबतो. पुढच्या आठवड्यांत काय घडले, हे विद्यार्थी विचारीत नाहीत; कारण ते विचारण्याजोगे आहे असे आम्ही प्राध्यापकांनी कधी सुचवलेच नाही. आमचे हे भांडण प्रथम स्वतःशी आहे.

त्या वर्षअखेरीस पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती हैदराबाद संस्थानात फिरली. कारवाईच्या काळात व नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे तिने नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आमचे नांदेड. कासीम रझवीच्या लातुरात हत्या वीस दिवसांहून अधिक काळ चालल्या, असेही ती सांगते. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. आकड्यांविषयी वाद आहेत, ते जरूर व्हावेत. पण मेलेल्यांत असंख्य निःशस्त्र होते, एवढे मान्य करायला नेमका आकडा लागत नाही.

रणगाडे आणि विमाने वापरून झालेल्या या मोहिमेला आपण आजही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतो. निजामाची तक्रार सुरक्षा परिषदेकडे गेली होती. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, हे सांगण्यासाठी तो शब्द सोयीचा होता. परंतु युद्धाचे नाव नाकारले की युद्धाचे नियमही दाराबाहेर राहतात. भाषेच्या अभ्यासकांना तरी हे दिसायला हवे होते. अवघ्या अकरा महिन्यांनी, १२ ऑगस्ट १९४९ रोजी, जिनिव्हा करार झाले. त्यांच्या सामाईक तिसऱ्या कलमाने नेमकी हीच पळवाट बुजवली : संघर्ष दोन देशांमधला नसला, तरी लढाईत भाग न घेणाऱ्यांची आणि शस्त्र खाली ठेवलेल्यांची हत्या करता येणार नाही, त्यांचा छळ करता येणार नाही, त्यांना ओलीस धरता येणार नाही. भारताने १९५० मध्ये हे करार स्वीकारले.

‘मग गोर्ट्याचे काय?’ असे आम्हांला विचारले जाईल. मे १९४८ मध्ये रझाकारांनी बीदर जिल्ह्यातील त्या गावात केलेले हत्याकांड आम्ही तसूभरही कमी लेखत नाही. पण कोणाची बाजू न्याय्य होती आणि कोण कसे वागले, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. मानवतावादी कायदा त्यांची गल्लत होऊ देत नाही. पहिल्याचे उत्तर आपल्या बाजूने आले म्हणून दुसरा सुटत नाही. हा विचार परका म्हणावा, तर भीष्मपर्वात युद्धापूर्वी दोन्ही पक्ष नियम ठरवतात, हे आम्हीच वर्गात शिकवतो. अश्वत्थाम्याची तक्रारही खरी होती. त्याचा पिता कपटानेच मारला गेला. व्यास ती नाकारीत नाहीत, आणि तरीही सौप्तिकपर्वातील झोपलेल्यांची कत्तल क्षम्य ठरवीत नाहीत. जे केवळ सुंदरलाल अहवाल फडकावतात आणि गोर्ट्यापाशी गप्प होतात, त्यांचा युक्तिवादही हाच आहे, फक्त उलट्या बाजूने.

त्याच अहवालात हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे हल्लेखोरांपासून रक्षण केल्याची नोंद आहे. कोणताही करार त्यांच्यापुढे नव्हता. शेजारच्या मागावरचा माणूस शत्रू नाही, एवढे त्यांना ठाऊक होते. आमच्या व्याख्यानांत त्यांनाही जागा नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. यापुढे झेंड्याला वंदन करून वर्गात जावे आणि गोर्टा व लातूर एकाच तासाला शिकवावे. त्याने मुक्तिसंग्राम उणा होईल अशी भीती ज्यांना वाटते, त्यांचा त्या संग्रामावरचा विश्वास आमच्याहून कमी आहे.