गडाखालचे मेक्सिकन जेवण आणि धंद्यातली सचोटी

महाड तालुक्यातील हिरकणीवाडी हे रायगडाच्या पायथ्याचे छोटेसे गाव. १९९६ साली येथून गडावर जाणारा रोपवे सुरू झाला आणि मुंबई-पुण्याच्या पर्यटकांची पावले या वाडीकडे वळली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यात रायगडही आहे. म्हणजे ही वर्दळ वाढतच जाणार. जेथे वर्दळ तेथे हॉटेल, हा बाजाराचा साधा नियम आहे. त्या नियमाने महाडच्या परिसरात हमरस्त्याला लागून नवनवी हॉटेले उभी राहत आहेत. यात गैर काही नाही. उलट परिसरातील तरुणांना रोजगार मिळत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

अशाच एका नव्या हॉटेलच्या दारावर ‘मेक्सिकन’ अशी मोठी पाटी लागल्याचे कळले, तेव्हा आम्हालाही कौतुक वाटले. हॉटेलचे नाव येथे देत नाही, कारण उद्देश कोणाची बदनामी करण्याचा नाही. मालक आपल्याच समाजातला तरुण आहे. आखातात काही वर्षे नोकरी करून परतला आणि साठवलेली सारी पुंजी त्याने या धंद्यात घातली. म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीत मुलांना रोपवेने गड दाखवून परतताना आम्ही मुद्दाम तेथे जेवायला थांबलो.

मेनूकार्ड चांगले दहा-बारा पानांचे होते. मेक्सिकन होतेच, शिवाय चायनीज, पंजाबी, साऊथ इंडियन आणि मालवणीही होते. मुलांनी टाको, नाचोज आणि बुरिटो मागवले. पाऊण तासाने टाको आले. मक्याचे कडक कवच सादळलेले होते. आत बारीक चिरलेला कोबी, थोडा राजमा आणि वर टोमॅटो केचप. आईने एक घास घेऊन विचारले, “हा पापड आहे की भाकरी?” उत्तर आमच्याकडे नव्हते. नाचोज म्हणजे पाकिटातले त्रिकोणी चिप्स आणि त्यावर ओतलेला पिवळा सॉस. ‘ग्वाकामोले’ म्हणून हिरवी चटणी आली ती उकडलेल्या मटारची होती. ग्वाकामोले अ‍ॅव्होकॅडोचे करतात, हे मुलांना ठाऊक होते. वाढप्याला विचारले तर म्हणाला, “साब, यही चलता है इधर.” बुरिटो म्हणजे मैद्याच्या पोळीत गुंडाळलेला फोडणीचा भात!

पहिला दिवस म्हणून आम्ही मनावर घेतले नाही. नवीन हॉटेल आहे, घडी बसायला वेळ लागतो, असे स्वतःलाच समजावले. नाताळच्या सुट्टीत पाहुणे आले, तेव्हा त्यांना घेऊन पुन्हा गेलो. या वेळी टाको संपले होते, नाचोजवरचा सॉस थंड होता आणि ज्याला चीज म्हटले होते ते गरम करूनही विरघळेना. बिलात न विचारता सेवाशुल्क लावलेले होते. साधे पाणी मागितले तरी सीलबंद बाटल्याच टेबलावर आणून ठेवल्या होत्या. पाहुणे शिष्टाचार म्हणून काही बोलले नाहीत, पण ताटात निम्मे अन्न तसेच राहिले. अन्न वाया गेले याचे दुःख पैशापेक्षा मोठे होते.

मेक्सिकन जेवण परके नाही

काही जण म्हणतील, कोकणात मेक्सिकन कशाला? आपले सांदण आणि तांदळाची भाकरी काय वाईट? हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. परक्या देशाचे अन्न आपल्याकडे येऊ नये असे म्हणायचे तर प्रथम स्वयंपाकघरातली मिरची बाहेर काढावी लागेल. मिरची, मका, टोमॅटो, राजमा हे सारे अमेरिका खंडातून आलेले आहे. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी सोळाव्या शतकात मिरची आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणली आणि आज तिच्याशिवाय कोकणातले कालवण होत नाही.

मेक्सिकोची टॉर्टिया तर आपल्या भाकरीची बहीणच म्हणावी लागेल. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवतात, मग धुऊन वाटतात आणि त्या पिठाची चपटी भाकरी तव्यावर भाजतात. चुन्यामुळे मक्याचे साल सुटते, पीठ मळता येते आणि त्यातले पोषणही शरीराला लागते. आपल्या घरच्या बायका गरम पाण्यात तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी थापतात, त्यातही पीठ कसे बांधले जाईल याचेच ज्ञान आहे. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले ते असल्याच ज्ञानासाठी. कडक कवचाचा टाको ही मुख्यतः अमेरिकेतल्या साखळी हॉटेलांनी जगभर पोहोचवलेली चाल आहे. मेक्सिकोत टाको बहुधा मऊ, ताज्या टॉर्टियाचाच असतो.

आखातात राहिलेल्या बांधवांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लेबनॉन व आसपासच्या मुलखातून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी आपला शवर्मा सोबत नेला. उभ्या सळईवर भाजलेले ते मांस पोळीत घालून तेथे विकले जाऊ लागले आणि त्याला ‘टाकोस आराबेस’, म्हणजे अरबी टाको, असे नाव पडले. पुढे त्यातूनच ‘अल पास्तोर’ हा प्रकार निघाला. तो तेथे सहसा डुकराच्या मांसाचा करतात, म्हणून आपल्याला वर्ज्य. परंतु कोंबडीचे किंवा बोकडाचे हलाल मांस वापरून तोच प्रकार करायला कोणाची हरकत आहे? ज्या तरुणाने दुबईत, कुवेतमध्ये शवर्म्याची भट्टी पाहिली आहे, त्याच्या हाताला हे काम अवघड नाही. म्हणजे वस्तू परकी नव्हती आणि माणूसही नालायक नव्हता. मग चुकले कोठे?

चूक कोठे झाली?

पहिली चूक म्हणजे जे येत नाही ते पाटीवर लिहिले. शहरात एखादी गोष्ट चालते असे पाहिले की आपण तिचे नाव उचलतो, कसब उचलत नाही. मेक्सिकन पद्धतीच्या एका मोठ्या अमेरिकन साखळीने २०१० साली बंगळूरमध्ये भारतातले पहिले दुकान उघडले. त्यानंतर टाको, नाचोज हे शब्द लहान गावांपर्यंत पोहोचले. शब्द पोहोचायला वेळ लागत नाही, आचारी तयार व्हायला मात्र वर्षे लागतात.

दुसरी चूक लांबलचक मेनूची. दहा-बारा पानांचे मेनूकार्ड म्हणजे तेवढा कच्चा माल सदैव तयार ठेवणे आले. तेवढे गिऱ्हाईक रोज नसते. मग माल फ्रीजरमध्ये पडून राहतो. कोकणात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. जनरेटर लावला तर डिझेलचा खर्च वाढतो, नाही लावला तर माल बिघडतो. चार पदार्थ ताजे करणाऱ्याला ही चिंता नसते.

तिसरी चूक सर्वांत गंभीर आहे आणि तिच्यासाठीच हा लेख लिहावा लागला. मटाराला अ‍ॅव्होकॅडो म्हणून विकणे, वनस्पती तेलाच्या गोळ्याला चीज म्हणणे ही केवळ स्वयंपाकातली हलगर्जी नाही, ते मालाविषयी खोटे बोलणे आहे. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घातलेला पदार्थ पनीर किंवा चीज या नावाने विकण्याला अन्नसुरक्षेचे नियमही परवानगी देत नाहीत. कायद्याच्या आधी आपल्यापुढे दीनची शिकवण आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. तेथे धान्य ओले असण्याला दोष दिला गेला नाही, ते लपवण्याला दिला गेला. आमच्या या मित्रानेही कार्डावर सरळ ‘मटारची चटणी’ लिहिले असते तर आम्ही आनंदाने खाल्ली असती.

हलालविषयी प्रश्न

दुसऱ्या भेटीत आम्ही विचारले की मैद्याची टॉर्टिया आणि राजम्याची पेस्ट कशात केली आहे? हा प्रश्न उगाच नव्हता. मेक्सिकोत या दोन्ही पदार्थांत डुकराची चरबी घालण्याची पद्धत आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तेलच वापरतात, तरी तयार टॉर्टिया, डबाबंद राजमा किंवा बाहेरून आणलेला सॉस असेल तर त्यावरची घटकांची यादी वाचलीच पाहिजे. वाढपी म्हणाला, “सब हलाल है.” मालकाला विचारले तर म्हणाला, “माल मुंबईहून येतो, पुरवठादार ओळखीचा आहे.” पाकीट मात्र त्याने वाचलेले नव्हते.

मालकाचे नाव मुसलमान आहे एवढ्यावर गिऱ्हाईक विश्वास टाकते. तो विश्वास हे या धंद्यातले सर्वांत मोठे भांडवल आहे, आणि ते एका हॉटेलाचे नसून साऱ्या समाजाचे आहे. पाकीट वाचायला दोन मिनिटे लागतात. तेवढे कष्ट न घेता ‘हलाल’ हा शब्द तोंडावर ठेवणे बरे नव्हे.

गिऱ्हाइकानेही आपले हक्क जाणून घ्यावेत. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांनी बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नये असे निर्देश दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. ते देणे गिऱ्हाइकाच्या खुशीवर आहे. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक बिलावर छापणे जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आणि पाण्याबद्दल तर काय बोलावे! ज्या महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्या महाडच्या परिसरात तहानलेल्या पाहुण्याला ग्लासभर साधे पाणी मागूनही मिळू नये, ही लाजेची गोष्ट आहे.

हिरकणीवाडीचा धडा

त्याच दिवाळीच्या फेरीत दुपारी हिरकणीवाडीत एका घरगुती खानावळीत आम्ही जेवलो होतो. पाटीवर चारच शब्द होते: पिठले, भाकरी, ठेचा, ताक. घरातली बाई चुलीवर भाकरी भाजत होती, मुलगा वाढत होता. “थोडं थांबा, भाकरी टाकते,” असे तिने आधीच सांगितले, म्हणून थांबणे जड गेले नाही. भाकरी गरम होती, ठेचा झणझणीत होता, आणि पैसे तिने सांगितले तेवढेच घेतले. मुलांनी दुसऱ्यांदा पिठले मागितले तर वेगळे पैसे लावले नाहीत. त्या बाईने हॉटेल व्यवसायाचा अभ्यास केलेला नाही. जे येते तेच विकायचे, जे सांगितले तेच वाढायचे, एवढा धंदा तिला कळतो.

गंमत अशी की नाचोजचा जन्मही असाच झाला. १९४० च्या दशकात मेक्सिकोच्या सीमेवरील पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ अनाया नावाचा हॉटेलातला माणूस होता. आचारी जागेवर नसताना पाहुण्या बाया आल्या, तेव्हा हाताशी असलेल्या टॉर्टियाचे तुकडे, चीज आणि मिरची यांचा खाऊ त्याने करून दिला, अशी हकीकत सांगतात. नाचो हे त्याचेच घरगुती नाव. म्हणजे अस्सल मेक्सिकन धडा हिरकणीवाडीच्या चुलीपाशी मिळत होता, तो हमरस्त्यावर मिळाला नाही!

तरुण बांधवांना विनंती

आपल्यातल्याच माणसावर जाहीर टीका कशाला, असा प्रश्न काही वाचक विचारतील. आम्ही हे प्रथम त्या तरुणाला एकांतात सांगितले. त्याने ऐकून घेतले, थोडा ओशाळला आणि म्हणाला, “चाचा, लोक नाव बघून येतात.” येतात हे खरे आहे, परंतु दुसऱ्यांदा कशासाठी येतील? पर्यटकाला गिऱ्हाईक म्हणून एकदाच लुटता येते. महाडचे, पोलादपूरचे, माणगावचे स्थानिक गिऱ्हाईक वर्षभर येते आणि पावसाळ्यात हॉटेल तेच तारते.

जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. चिखलातून दुकाने पुन्हा उभी करणारे व्यापारी आपण पाहिले. त्यांना उधार माल मिळाला तो त्यांच्या शब्दावर. येथे पत ही अशी कमवावी लागते. आखातातून पुंजी घेऊन परतणारे आपले तरुण हॉटेल काढू इच्छितात, त्यांनी काढावीत. मेक्सिकनही काढावे. पण आधी सहा महिने चांगल्या आचाऱ्याच्या हाताखाली काढावेत, कार्ड एका पानाचे ठेवावे, पाकिटे स्वतः वाचावीत आणि मालात जे नाही ते नाही म्हणून सांगावे. विकणारा आणि घेणारा दोघेही खरे बोलले आणि मालातला दोष उघड केला तर त्या व्यवहारात बरकत येते, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

त्या तरुणाच्या भट्टीवर एक दिवस कोंबडीचा अरबी टाको, तांदळाची किंवा मक्याची गरम भाकरी आणि कोकणी ठेचा मिळेल अशी आमची आशा अजून आहे. पाटी बदलल्याचे कळले की आम्ही तिसऱ्यांदा जाऊ, आणि पाहुण्यांनाही सोबत नेऊ.