दोन भाषांचे भांडवल

पदवी परीक्षांचे निकाल लागले, की वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत नोकरीच्या अर्जांची रीघ लागते. बेळगाव-निपाणी भागातून येणाऱ्या अर्जांत पत्रकारिता व जनसंज्ञापन हा विषय घेऊन पदवीधर झालेले तरुण-तरुणी आता बऱ्याच संख्येने असतात. अर्जासोबत गुणपत्रिका असते, प्रमाणपत्रे असतात, एखाद्या प्रतिष्ठिताचे शिफारसपत्रही असते. नसते ते एवढेच, की उमेदवाराने आजवर काय लिहिले याचा पुरावा! तीन वर्षे वृत्तविद्या शिकलेल्या विद्यार्थ्याजवळ स्वतः लिहिलेल्या दहा बऱ्या बातम्या नसाव्यात, हा दोष त्याच्या एकट्याचा नव्हे.

वस्तुतः बेळगावला पत्रकारितेची परंपरा उसनी आणावी लागत नाही. १९१९ साली बाबूराव ठाकूर यांनी येथे ‘तरुण भारत’ सुरू केला. १९४६ साली याच शहरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान ग. त्र्यं. माडखोलकर या संपादकाने भूषविले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच मांडवात झाला. त्या पिढीतील पुष्कळजण चळवळीतून लेखणीकडे वळले. वेतनाचा विचार त्यांनी मागाहून केला, किंवा केलाच नाही. परंतु त्यांचे दाखले देऊन आजच्या मुलांची बोळवण करणे अन्यायाचे होईल. कर्ज काढून मुलाला शिकविणाऱ्या शेतकऱ्याला आणि विडी वळून मुलीची फी भरणाऱ्या निपाणीच्या माउलीला, त्या शिक्षणातून घर चालेल काय, हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

याचे प्रामाणिक उत्तर असे, की केवळ वर्तमानपत्राच्या नोकरीवर डोळा ठेवला तर सर्वांचे घर चालणार नाही. बातमी आता हातातल्या मोबाईलवर वाचली जाते. एकाच वार्ताहराला लिहावे लागते, छायाचित्र काढावे लागते आणि कॅमेऱ्यासमोर बोलावेही लागते. तालुक्याच्या गावी तर वार्ताहराचे काम बहुधा तुटपुंज्या मानधनावर चालते. तेव्हा प्रश्न असा, की सीमाभागातील विद्यार्थ्याजवळ इतरांपाशी नसलेले असे काय आहे?

आमच्या मते त्याचे भांडवल म्हणजे त्याच्या दोन भाषा. घरी मराठी, बाजारात व कचेरीत कन्नड, वर्गात इंग्रजी, हे त्याला जन्मतःच लाभले आहे. परंतु ते तो निम्मेच वापरतो. कन्नड बोलता येते, पण वाचता-लिहिता येत नाही, असे सांगणारे मराठी पदवीधर आम्हांस पुष्कळ भेटतात, आणि काहींना त्यात अभिमानही वाटतो. तो अस्थानी आहे. १९५६ पासूनचा सीमाप्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा आहे. महाराष्ट्राचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल, पण मुलांची उमेदीची वर्षे त्यासाठी थांबत नाहीत. भाषेच्या सक्तीला विरोध करणे वेगळे आणि भाषेशीच अबोला धरणे वेगळे. बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी वाचकाच्या घरात पोहोचविल्या. त्यामुळे मराठीचे काही उणे झाले नाही, उलट ती संपन्न झाली. बातमीचेही तसेच आहे. १९८१ साली निपाणीचे तंबाखू उत्पादक शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर उतरले, तेव्हा शेतकऱ्याची व्यथा मराठीत होती आणि सरकारचा कारभार कन्नडमध्ये. अशा बातमीच्या दोन्ही बाजू तपासायच्या, तर दोन्ही लिप्या वाचता आल्याच पाहिजेत.

या भांडवलावर उघडणारी दारेही थोडी नाहीत. कोल्हापूर आणि चोर्ला घाटाखाली पणजी येथील वृत्तपत्रे आहेत, आकाशवाणीची केंद्रे आहेत. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेत राष्ट्रीय अनुवाद मिशनचे काम चालते. रुग्णालये, कारखाने, सहकारी संस्था यांनाही दोन भाषांत स्वच्छ लिहिणारा माणूस हवा असतो. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषकांना त्या राज्याच्या शासकीय भरतीत अर्ज करता येतो. त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित दाखला लागतो. तेथील माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील पदांच्या जाहिराती म्हणूनच नित्य पाहाव्यात आणि दाखला वेळीच काढून ठेवावा. मराठी पत्रकारितेचेच पुढील शिक्षण हवे असेल, तर पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट आहे, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आहे.

मात्र तयारी शेवटच्या परीक्षेनंतर नव्हे, पहिल्या वर्षापासून हवी. आठवड्याला एक बातमी स्वतः हिंडून लिहावी. ग्रामपंचायतीची सभा, बाजार समितीतील भाव, बसस्थानकाची दुरवस्था, काहीही चालेल. तीच बातमी दुसऱ्या भाषेतही लिहून पाहावी. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एखाद्या कचेरीत उमेदवारी करावी आणि उपसंपादकाने खोडलेला मजकूर मागून घ्यावा. त्या तांबड्या रेघांइतका चांगला गुरू नाही. तिसऱ्या वर्षी अशा निवडक वीस बातम्या अर्जाला जोडाव्यात आणि अर्ज स्वतःच्या शब्दांत लिहावा. आणखी एक इशारा: पगाराऐवजी ओळखपत्र गळ्यात अडकवून जाहिराती गोळा करावयास लावणारे लोक सर्वत्र आहेत. तेथे वर्ष घालविणाऱ्याला बातमी लिहिता येत नाही, फक्त वसुली येते.

विद्यार्थ्यांना एवढे सांगितल्यावर इतरांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. धारवाडच्या छत्राखालून निघून बेळगावला २०१० साली स्वतःचे राणी चन्नम्मा विद्यापीठ मिळाले; त्याने व येथील महाविद्यालयांनी भाषांतर आणि प्रत्यक्ष वृत्तलेखन यांना परीक्षेत मानाचे स्थान द्यावे. आणि वृत्तपत्रांनी, त्यांत आम्हीही आलो, उमेदवारी करणाऱ्या मुलांना निदान प्रवासखर्च व जेवणाइतके तरी विद्यावेतन द्यावे. फुकट राबणे ज्याला परवडते तोच पत्रकार होणार असेल, तर विडी कामगाराच्या घरातील बातमी लिहिणारा त्या घरातून कधीच येणार नाही. सीमाभागाचे गाऱ्हाणे सत्तर वर्षे इतरांनी मांडले. आता ते तेथल्याच मुलांनी, मराठीत आणि कन्नडमध्येही मांडावे, यातच त्यांच्या पोटाचा आणि मराठीच्या मानाचा मार्ग एक होतो.