वजाबाकीची भाषा कोणती?

गेल्या पावसाळ्यात एक पक्षकार बाई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या कचेरीत आल्या. काम जमिनीच्या वाटणीचे होते. निघता निघता त्यांनी पिशवीतून मुलाचा तपासणी-अहवाल काढला आणि म्हणाल्या, ‘वकीलसाहेब, एवढं वाचून सांगा.’ मुलाला बौद्धिक अक्षमता आहे हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते स्वीकारलेही होते. अहवालात मात्र आणखी एक वाक्य होते : मुलास बेरीज-वजाबाकीची प्राथमिक जाणही नाही. मी ते वाचून दाखवले. बाई काही बोलल्या नाहीत. मुलाच्या खिशातले चिंचोके त्यांनी माझ्या टेबलावर ओतले. ‘बाळा, सात मोज.’ त्याने एकेकाला बोट लावून सावकाश मोजले. ‘आता तीन मला दे. तुझ्याकडं किती उरले?’ तो बराच वेळ थांबला, उरलेले पुन्हा पहिल्यापासून मोजले आणि म्हणाला, ‘चार.’

तपासणी कन्नडमधून झाली होती. त्या घरात कन्नड बोलले जात नाही. तपासणी कोणत्या भाषेत झाली, याची अहवालात नोंदही नव्हती.

सीमाभागातल्या मराठीच्या लढ्यात आपण पाट्यांविषयी लिहिले, परिपत्रकांविषयी लिहिले, शाळांच्या तुकड्यांविषयी लिहिले. मराठी शाळेतल्या अथवा मराठी घरातल्या विशेष गरजा असलेल्या मुलाविषयी आपण जवळजवळ काहीही लिहिलेले नाही. यात मीही आलो. शासनदरबारी अपंगत्वाची फाईल एका टेबलावर असते आणि भाषिक अल्पसंख्याकांची दुसऱ्या. या दोन्ही फायलींत ज्याचे नाव असायला हवे, ते मूल कोणत्याच टेबलावर दिसत नाही.

‘गणिताला भाषा नसते’ हे वाक्य मी अधिकाऱ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. मोठ्यांच्या गणितापुरते ते खरे असेलही. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या, आणि त्यातही सावकाश शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते साफ खोटे आहे. अशा मुलाची बेरीज चिन्हांनी सुरू होत नाही, वस्तूंनी होते : आधी चिंचोके, मणी, काड्या, मग त्यांची चित्रे, आणि फार उशिरा ३ + ४. या पायऱ्यांच्या मधला सांधा शब्दांचा असतो. ‘अजून दोन घाल’, ‘सगळे मिळून किती’, ‘काढून घे’, ‘किती उरले’, ‘कुणाकडे जास्त’ हे शब्द मुलाच्या अंगवळणी पडलेले असावे लागतात. वजाबाकी तर तीन वेगवेगळ्या प्रश्नांची मिळून बनलेली आहे. सातातून तीन काढले तर किती उरले, सात हे तीनपेक्षा किती जास्त, आणि तीनाचे सात व्हायला किती कमी पडतात. तिन्हींचे उत्तर चारच. पण मुलाच्या दृष्टीने ती तीन निराळी कामे आहेत. घरी ताटात पोळी वाढताना, भावंडांत खाऊ वाटताना ही कामे त्याने ज्या शब्दांत केलेली असतात, ते शब्द शाळेत हिरावून घेतले तर उरते काय?

सीमाभागात तर शब्द नुसते परके नसतात, ते चकवणारे असतात. कन्नडमध्ये वजा करण्याला ‘कळे’ म्हणतात. मराठी मुलाच्या कानाला ‘कळे’ म्हणजे समजले. शिक्षक ‘सातातून तीन कळे’ अशा अर्थाचे वाक्य बोलतो आणि मुलाला वाटते, आपल्याला काही समजले की नाही असे विचारताहेत. हुशार मूल चार दिवसांत ही गाठ सोडवते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाची ऐकलेले लक्षात ठेवण्याची शक्ती पाहिलेले लक्षात ठेवण्यापेक्षा बहुधा दुबळी असते. त्याच्यावर आपण एकाच वेळी दोन ओझी टाकतो : आकडा लक्षात ठेव, आणि शब्दाचा अर्थही बदलून घे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे, नाहीतर हा लेख भाषाभिमानाचा ठरेल. संख्यांची नावे हा मराठीचा अवघड भाग आहे. २९ लिहिताना आपण आधी दोन लिहितो. म्हणताना ‘एकोणतीस’, म्हणजे तिसाला एक उणे. म्हणजे अंक दिसतो विसाच्या घरातला आणि ऐकू येतो तीस. कन्नडमध्ये तेच ‘इप्पत्तोंबत्तु’, सरळ वीस आणि नऊ. तेलुगूतही ‘इरवै तोम्मिदि’. म्हणून हैदराबादच्या मराठी वाचकांनाही ही अडचण ओळखीची वाटेल. इंदूरच्या आणि वडोदऱ्याच्या मुलाला शाळेत ‘उनतीस’ किंवा ‘ओगणत्रीस’ भेटते. तिथे निदान घराची आणि शाळेची रचना एक असते. बेळगावच्या मुलाला घरी तिसातून एक वजा करायचा असतो आणि शाळेत विसात नऊ मिळवायचे असतात.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी जोडनावे आली तेव्हा महाराष्ट्रात मोठी थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांत मी होतो. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी दाक्षिणात्य भाषांचा दाखला दिला, तो मला तेव्हा खटकला होता. आज माझे मत वेगळे आहे. ज्या मुलाला ‘एकोणतीस’ पेलत नाही, त्याला काड्यांचे दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या देऊन ‘वीस आणि नऊ’ म्हणू द्यावे. तेही मराठीच आहे. मुलाची भाषा म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकातली भाषा नव्हे. त्याच्या आईला जी बोलून त्याला समजावता येते ती.

आता कायद्याकडे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्यासाठी राज्याने झटावे, असे सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ मातृभाषेचे माध्यम सांगते, पण ‘शक्यतोवर’. या एका शब्दाच्या आडोशाला शिक्षण खाती आजवर सुखाने बसली आहेत. मातृभाषा कोणती हे पालकच ठरवतील, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच प्रकरणात म्हटले. तो निकाल राज्याला मातृभाषेची सक्ती करण्यापासून रोखणारा आहे, ही बाजू आपले कार्यकर्ते सोयीने विसरतात.

विशेष गरजा असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र आडोसा एवढा भक्कम नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १६ शाळेवर मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करण्याचे बंधन घालते आणि त्याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव आहे. शाळेवर अवाजवी भार पडत असेल तेवढीच सवलत. मराठी समजणारा शिक्षक आठवड्यातून काही तास देणे, अथवा तपासणीच्या वेळी आईला दुभाषी म्हणून बसू देणे, हा अवाजवी भार कसा, हे मला एखाद्या खात्याने प्रतिज्ञापत्रावर सांगावे. कायद्यातही उणीव आहेच. ‘योग्य भाषा’ हे शब्द कलम १६ मध्ये अंध आणि मूकबधिर मुलांपुरते येतात. बौद्धिक अक्षमता वा गणन-अक्षमता असलेल्या मुलाच्या भाषेविषयी ते स्वतंत्रपणे बोलत नाही. पण वाजवी सोयीचे कलम सर्वांसाठी आहे आणि माझा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

‘मराठी येणारे विशेष शिक्षक मिळत नाहीत’ हे उत्तर येणार. प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घालून दिले. त्या पदांच्या जाहिरातीत, जिथे मराठी शाळा आहेत त्या तालुक्यांसाठी, मराठीचे ज्ञान ही अट घालायला कोणी अडवले आहे? आणि हा कन्नडविरोध आहे असे ज्यांना वाटेल त्यांना सांगतो : निपाणीच्या मराठी मुलासाठी मी जे मागतो, तेच सोलापूर जिल्ह्यातल्या कन्नड मुलासाठी महाराष्ट्राकडे मागायला तयार आहे.

सीमाप्रश्नाचा मूळ दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वर्षी जन्मलेली मुले आता मतदार आहेत. निकालाची वाट पाहावी एवढा वेळ या मुलांकडे नाही. त्यांची दहापर्यंतची बेरीज पुढच्या दोन-तीन वर्षांतच व्हायची आहे. म्हणून पालकांना सांगणे एवढेच : तपासणीला जाताना मुलाची घरची भाषा लेखी कळवा, त्याची पोच घ्या आणि अहवालात ती नोंदवायला लावा. नकार मिळाला तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर काय केले हे संबंधित अधिकाऱ्याला तीन महिन्यांत कळवावे लागते. वकील लागतोच असे नाही.

त्या बाईंचा अर्ज मी लिहून दिला आहे. फेरतपासणी मराठीतून व्हावी, एवढीच मागणी त्यात आहे. सोबत काय जोडायचे म्हणून त्यांनी विचारले तेव्हा मी अहवालाची प्रत म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘चिंचोके पण नेते.’