शिडीपाशीं अडलेला अश्वमानव

कित्येक घरांत तरुण मंडळी मेजाभोंवतीं बसून, वीस पैलूंचा फांसा टाकीत, तासन्‌तास एक खेळ खेळतांना दिसतात. फांसा पाहून वडीलधाऱ्यांस द्यूतपर्व आठवावें हें साहजिक आहे. परंतु येथें पणाला कांहींच लागत नाहीं. असल्या खेळांचा मूळपुरुष 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं तो १९७४ सालीं तीन पुस्तिकांच्या रूपानें प्रसिद्ध केला. प्रत्येक गडी एखाद्या कल्पित वीराची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो, आणि केलेला बेत तडीस गेला कीं नाहीं हें फांसा ठरवितो.

यांतला एक प्राणी आमच्या विशेष कुतूहलाचा आहे. कमरेवर मनुष्य व खालीं चार पायांचा घोडा, असा हा ग्रीकांचा 'सेंटॉर'. वाचकांस तो परका वाटल्यास त्यांनीं पंचांगांतली धनु रास आठवावी. अश्वाचें जघन असलेला धनुर्धर पुरुष, असेंच तिचें वर्णन वराहमिहिरानें बृहज्जातकांत केलें आहे. आपला किन्नर मात्र उलट घडणीचा. अमरकोशांत त्याला 'तुरंगवदन' म्हटलें आहे, म्हणजे तोंडच घोड्याचें. आणि त्याचें नांव हाच एक प्रश्न आहे: किं नरः? हा माणूस काय?

ग्रीकांनीं या प्रश्नाचीं दोन उत्तरें दिलीं. लॅपिथांच्या राजाच्या लग्नांत मद्यानें बेभान होऊन नवरीवर हात टाकणारे अश्वमानव हें एक. अथेन्सच्या पार्थेनॉनवर ती झटापट कोरलेली आहे. अकिलीझाला वाढविणारा व अस्क्लेपिअसाला वैद्यक शिकविणारा कायरन हें दुसरें. (आमच्यासारख्या जुन्या मास्तरास कोणतें उत्तर आवडतें तें सांगावयास नको.)

१९७४ च्या पुस्तिकेंत अश्वमानव होता तो वाटेंत गांठ पडणाऱ्या भयंकर प्राण्यांच्या यादींत. २०१८ सालच्या 'गिल्डमास्टर्स गाइड टु रॅव्हनिका' या पुस्तकांत तो खेळणाऱ्यानें स्वतः घ्यावयाच्या जातींत बसला, आणि तेथें खरी अडचण उभी राहिली. कवीला घोड्याचे पाय शोभेपुरते असले तरी चालतात. पण खेळांत तळघर आहे, तळघराला शिडी आहे, आणि सोबती तर वर चढून गेले आहेत! नियम असा कीं, हातापायांनीं चढावयाचें असेल तेथें इतरांस दर फुटामागें एक फूट चाल जादा खर्चावी लागते, अश्वमानवास चार. म्हणजे तीस फूट चालीचा माणूस एका पाळींत पंधरा फूट चढतो, आणि मैदानांत त्याला सहज मागें टाकणारा, चाळीस फूट चालीचा हा प्राणी अवघा आठ फूट! ओझें वाहण्यांत मात्र त्याची गणना एक पायरी मोठ्या आकारांत होते. एरवीं त्याचा आकार 'मध्यम' लिहिला आहे. अर्ध्या घोड्यास मध्यम म्हणणें आम्हांस पटत नाहीं; दारांतून आंत यावा म्हणून केलेली ही सोय दिसते.

तो शिडीखालीं अडला म्हणजे सोबती काय करितात तें पाहण्याजोगें असतें. कोणी दोर सोडतो, कोणी दुसरी वाट शोधूं म्हणतो, कोणी म्हणतो, "तूं खालींच राहा, घोडाच आहेस, सामान सांभाळ." हें ऐकणारा मुलगा त्या घटकेस अश्वमानवाच्याच तोंडानें बोलत असतो, आणि बहुधा रागावतो. अशा वेळीं वडिलांनीं द्यूताचा उपदेश करण्यापेक्षां किन्नर या शब्दाची फोड करून सांगावी. ती त्याला लागलीच समजेल.