परसबाग : बियांपासून डॉग-फ्लॉवर

वाढदिवसाच्या केकवर व पाहुणचाराच्या ताटांत खरीं फुलें ठेवण्याची चाल हल्लीं आपल्याकडेहि शिरली आहे. त्यांत बाजारांत ज्यास डॉग-फ्लॉवर म्हणतात, तें अँटिऱ्हायनम वारंवार दिसतें. तें मुलांनीं खावें काय, असा प्रश्न गृहिणींस पडणें साहजिक आहे. आमचें मत असें, कीं घरीं बीं पेरून वाढविलेलें असल्यास खुशाल खावें. विकत आणलेलें फुलदाणींतच राहूं द्यावें. बाजारचें फूल शोभेसाठीं वाढविलेलें असतें. त्यावर कोणतें कीटकनाशक केव्हां मारलें, हें विकणाऱ्यासहि बहुधा ठाऊक नसतें, आणि झाडानें मुळांवाटे शोषलेलें विष धुतल्यानें जात नाहीं.

हें झाड मूळचें भूमध्य समुद्राभोंवतालच्या प्रदेशांतील. ग्रीक नांवाचा अर्थ ‘नाकासारखें’ असा आहे. मुलांना मात्र त्यांत नाकापेक्षां तोंडच दिसतें, कारण गाल दाबले कीं तें उघडतें. भुंग्यासारखा अंगानें जड कीटकच हें मिटलेलें तोंड सहज उघडूं शकतो. कमळांत अडकणाऱ्या भ्रमराचें कौतुक करणाऱ्या आपल्या कवींनीं हें फूल पाहिलें असतें, तर काय लिहिलें असतें कोण जाणे!

झाड थंडीचें असल्यामुळें पुण्याकडील हवेंत पेरणी भाद्रपदाच्या अखेरीस किंवा आश्विनांत करावी. पौष-माघांत फुलें येतात. बीं इतकें बारीक, कीं १ ग्रॅममध्यें सुमारें ६ ते ७ हजार दाणे भरतात. मेथी-कोथिंबिरीच्या संवयीनें लोक तें मातीखालीं झांकतात, आणि मग बीं वाईट होतें म्हणून दुकानदारास दोष देतात. वस्तुतः ह्या बियांस उगवण्यास उजेड हवा. पसरट कुंडींत चाळलेलें पानांचें खत व वाळू समभाग भरून ओली करावी. बीं चिमूटभर कोरड्या वाळूंत मिसळून वर भुरभुरावें, तळहातानें हलकेंच दाबावें. वर माती घालूं नये. झारीच्या पाण्यानें तें वाहून जातें, म्हणून कुंडी परातींत ठेवून खालून पाणी पाजावें. ८ ते १४ दिवसांत हिरवी लव दिसूं लागते. ह्यापुढें ओल जास्त झाल्यास रोपें बुंध्याशीं कुजून आडवीं पडतात.

रोपास ४ ते ६ पानें आलीं, कीं तें ९ इंचांच्या अंतरानें लावावें, आणि पानांच्या ३-४ जोड्या झाल्यावर शेंडा खुडावा. हें वडील मंडळींच्या जिवावर येतें. परंतु न खुडल्यास मुख्य तुरा एकच मिळतो, खुडल्यास फुलें पंधरवडाभर लांबून अनेक मिळतात. पाणी सकाळीं, बुंध्याशीं द्यावें; पानें ओलीं राहिल्यास त्यांच्या पाठीवर तांबेरा पडतो. तांबेऱ्याचें रोप उपटून टाकावें. औषध फवारलें, कीं फूल ताटांतून बाद झालें.

तुऱ्यावरील खालचीं तिसरा हिस्सा फुलें उमललीं, कीं तो सकाळीं कापावा. आडवा ठेवल्यास शेंडा वर वळून दांडा वांकडा होतो. फुलदाणी पिकत्या केळ्यांजवळ नसावी. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनें फुलें गळतात.

चवीविषयीं फार अपेक्षा धरूं नये. फूल कडवट असतें; हादग्याच्या फुलांच्या भाजीची सर त्यास नाहीं. श्रीखंडावर रंगासाठीं दोन-चार पाकळ्या पुरेत. मात्र हें फूल खाल्लें म्हणून तसेंच दिसणारें दुसरें चालेल, असें मुलांस वाटूं देऊं नये. शास्त्रज्ञ हल्लीं अँटिऱ्हायनम, आपला इसबगोल आणि डिजिटॅलिस यांना एकाच कुळांत घालतात. इसबगोल घरोघरीं औषधांत. डिजिटॅलिस हृदयावर परिणाम करणारें तीव्र विष, आणि त्याचीं फुलेंहि तुऱ्यावरच येतात! देवपूजेची कण्हेरहि अशीच हृदयास घातक आहे.

फुलें सरल्यावर शेंगा वाळतात; टोंकाशीं भोकें पडून त्या हुबेहूब कवटीसारख्या दिसतात. त्या कागदावर झटकून बीं धरावें. पाकिटावर ‘संकरित’ असें छापलेलें असल्यास मात्र हा खटाटोप करूं नये. पुढच्या पिढींत रंग व उंची मूळच्यासारखी येत नाहीं.