गाईचा पाचवा पाय

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. जेवणं आटोपलेली, ओटा पुसून झालेला, आणि तेवढ्यात शेजारीण दार वाजवते. "ताई, घोटीव कागद आहे का हो तुमच्याकडे? निळा हवा होता. पोरानं आत्ता सांगितलं, उद्या शाळेत फुलपाखरू न्यायचंय म्हणून." मग कपाटं उघडली जातात, गेल्या दिवाळीच्या आकाशकंदिलातला उरलेला कागद बाहेर निघतो. पोरगं एव्हाना पेंगायला लागलेलं असतं. त्याची आई अकरा वाजेपर्यंत बसून फुलपाखरू कापते, पंखांवर टिकल्या चिकटवते. सकाळी पोरगं ते शाळेत नेतं आणि दहापैकी नऊ मार्क घेऊन येतं.

आता मला सांगा, हे मार्क कुणाचे?

हसू नका. मीही हे केलंय. माझ्या मुलांच्या कार्यानुभवाच्या वह्या बघितल्या तर त्यातलं निम्मं काम माझ्या हातचं निघेल. पोराला वेळ नाही, नीट जमत नाही, बाकीच्यांचं चांगलं आणि आपल्याचं वेडंवाकडं दिसलं तर त्यालाच वाईट वाटेल, अशी आपली आपल्यालाच समजूत. पण या समजुतीपायी आपण मुलांच्या हातातून काय काढून घेतो, ते मला फार उशिरा कळलं. त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मंडळानं बालदिनाला कागदकामाची स्पर्धा ठेवली होती. वस्तू घरून करून आणायच्या होत्या. परीक्षक म्हणून मला बसवलं. टेबलावर मोर, कमळं, फुलदाण्या, झोपड्या असं सगळं ओळीनं मांडलेलं. एकीसारखी दुसरी वस्तू, कारण सगळ्यांनी एकाच पुस्तकातला नमुना बघून केलेली. मी एका मोराला पहिला नंबर दिला. बक्षीस देताना सहज विचारलं, "पिसारा कसा केलास रे?" मुलगा म्हणाला, "आईनं केला. मी गोंद लावला." सगळे हसले. मीही हसले.

त्याच टेबलाच्या कडेला एक चित्र होतं. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून कापलेली लाल गाय. घरापेक्षा मोठी. शिंगं वाकडी, आणि पाय पाच. ते चित्र करणारी मुलगी दुसरी-तिसरीतली असेल. मी तिला म्हटलं, "अगं, गाईला पाय किती असतात?" ती म्हणाली, "चार." "मग हा पाचवा कशाला?" ती म्हणाली, "ती चालतेय ना!" मला तेव्हा ते उत्तर बाळबोध वाटलं. मी दोन मार्क कापले. पुढच्या वर्षी तिचं नाव स्पर्धेत नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी वाचनालयात चित्रकलेवरचं एक पुस्तक चाळताना मी एका पानावर थबकले. इटलीतल्या जाकोमो बाल्ला नावाच्या चित्रकारानं १९१२ साली काढलेलं चित्र होतं ते. साखळीला बांधलेला एक बुटका काळा कुत्रा मालकिणीबरोबर तुरुतुरु चाललाय. त्याचे पाय मोजताच येत नाहीत, पायांचा नुसता झुपका दिसतो. शेपट्याही कितीतरी. मालकिणीच्या पावलांचं तेच. चाल दाखवायची, तर एक पाय एकाच जागी दिसून कसं भागेल? बाल्लानं जे केलं, तेच आमच्या पोरीनं लग्नपत्रिका कापून केलं होतं. त्याचं चित्र जगभरच्या पुस्तकांत छापलं गेलं आणि हिचे मी मार्क कापले.

प्रत्येक पोर मोठं चित्रकार होणार, असं मला म्हणायचं नाही. पण ती मुलगी स्वतःच्या डोळ्यांनी बघून, स्वतःच्या डोक्यानं उत्तर काढत होती. मोरवाल्या मुलाच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. बिचाऱ्याला फक्त गोंद लावायला मिळाला.

आधुनिक चित्रकला म्हटलं की आपल्याला वाटतं, ते आपलं काम नव्हे. मुंबईच्या गॅलरीत लागते, लाखांना विकली जाते, कळत मात्र नाही. पण गंमत बघा, या चित्रकलेतलं कितीतरी मोठं काम कात्री, कागद आणि गोंद यांवर झालेलं आहे. म्हणजे आपल्या घरातल्याच वस्तूंवर. त्याच १९१२ साली पॅरिसमध्ये पिकासोनं एका चित्रात वेताच्या खुर्चीची वीण छापलेलं मेणकापड चिकटवलं आणि चित्राला चौकट म्हणून चक्क दोर गुंडाळला. त्याच्या मित्रानं, ब्राकनं, लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून चित्रात लावला. मग वर्तमानपत्रांचे तुकडेही चित्रांत आले. अशा चित्राला कोलाज म्हणतात आणि फ्रेंच भाषेत त्या शब्दाच्या मुळाशी 'चिकटवणे' एवढाच साधा अर्थ आहे.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो आंरी मातीस. फ्रान्सच्या उत्तर भागात १८६९ साली जन्मलेला हा मुलगा वकिलाच्या कचेरीत कारकुनी करत होता. विशीत असताना अपेंडिक्सच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला, तेव्हा वेळ जावा म्हणून त्याच्या आईनं त्याला रंगांची पेटी आणून दिली. त्या पेटीनं त्याचं आयुष्य बदललं. आईनं पेटी दिली, चित्र काढून दिलं नाही, हे लक्षात घ्या. पुढे १९४१ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतर बराचसा काळ चाकांची खुर्ची आणि बिछाना यांतच गेला. कॅनव्हाससमोर उभं राहून रंगवणं अवघड झालं, तेव्हा त्यानं मदतनिसांकडून कागद एकेका रंगात रंगवून घेतले आणि हातात मोठी कात्री घेतली. आधी पेन्सिलीनं काही आखायचं नाही, सरळ कात्रीनंच आकार काढायचा. तुकडे भिंतीवर टाचणीनं लावून घ्यायचे, हलवून बघायचे. १९५३ साली त्यानं केलेली 'गोगलगाय' लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. लांबी-रुंदी जवळजवळ तीन-तीन मीटर, आणि आहेत काय, तर रंगीत कागदाचे ओबडधोबड चौकोनी तुकडे शंखासारखे गोल फिरत गेलेले! आपल्या पोरानं केली असती तर आपण म्हटलं असतं, "गोगलगायीचे डोळे कुठायत?"

आपल्याकडेही असं उदाहरण आहे. शांतिनिकेतनमधले विनोदबिहारी मुखर्जी. लहानपणापासून नजर अधू. तरीही त्यांनी तिथल्या हिंदी भवनाच्या भिंतींवर संतांच्या जीवनावरचं भव्य चित्र रंगवलं. १९५७ च्या सुमारास डोळ्यांच्या ऑपरेशननंतर दृष्टी पूर्ण गेली. पण काम थांबलं नाही. हातांना कळेल तशा कागदाच्या घड्या घालून, कागद कापून-चिकटवून ते चित्रं करत राहिले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर माहितीपट काढला. ज्यांना दिसत नव्हतं त्यांच्या हाताला आकार सापडत होते. आपल्या पोरांना तर चांगलं दिसतंय. मग आपल्यालाच एवढी घाई कसली?

आता घरी काय करता येईल ते बघू. तयार किटची गरज नाही. जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरची पानं, साबणाची वेष्टनं, एसटीची तिकिटं, वर्तमानपत्रं एका खोक्यात साठवा. खळ मैद्याची करा. कपभर पाण्यात दोन चमचे मैदा कालवून, मंद आचेवर ढवळत दाट केला की झालं. दोन दिवसांत संपवून टाका. कात्री गोल टोकाची आणि लहान हाताला पेलेल अशी घ्या. मूल डावखुरं असेल तर त्याचा हात बदलायला लावू नका. नेहमीची कात्री डाव्या हाताला नीट चालत नाही, म्हणून त्याला अडचण होते. त्याला वेगळी कात्री मिळाली तर बघा.

चार वर्षांच्या आतल्या मुलांना कात्री नकोच, त्यांना कागद फाडू द्या. फाडलेल्या कागदाला जी मऊ, पांढरी कड येते, ती कात्रीनं येत नाही. त्यातून ढग, मेंढरं, कोंबडीची पिल्लं त्यांची त्यांनाच दिसतात.

थोड्या मोठ्या मुलांना मातीसची रीत द्या. कॅलेंडरची कोरी बाजू एकेका रंगात रंगवून वाळू द्यायची. मग पेन्सिल न वापरता कापायचं. कापून उरलेला भोकाचा कागदही टाकायचा नाही, तोही आकारच आहे. सगळे तुकडे मोठ्या कागदावर मांडायचे, हलवायचे, परत मांडायचे. गोंद सगळ्यात शेवटी. ही हलवाहलवी हेच खरं शिक्षण आहे.

पिकासोची रीत तर स्वयंपाकघरातच करता येईल. ताटाभोवतीच्या वस्तूंचं चित्र करायचं, पण पेला वर्तमानपत्राचा, किटली वेष्टनाची, टेबलक्लॉथ पत्रिकेच्या पाकिटाचा. ज्याचा कागद ज्या वस्तूला शोभेल, ते मुलानं ठरवायचं.

आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी सय्यद हैदर रझा आहेत. १९२२ साली मध्य प्रदेशातल्या एका खेड्यात जन्मलेले रझा नागपूरला आणि मग मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. लहानपणी त्यांचं अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं, अशी आठवण ते सांगत. तोच ठिपका पुढे त्यांच्या चित्रांतला 'बिंदू' झाला. आपल्या रांगोळीची सुरुवातही ठिपक्यापासूनच की! बांगडी ठेवून काळ्या कागदाचा गोल कापायचा, मधोमध लावायचा आणि भोवती त्रिकोण-चौकोन मुलांना मांडू द्यायचे. रझांचं चित्र दाखवायचं असेल तर आपलं काम झाल्यावर दाखवा. आधी दाखवलं की तेच पुन्हा नमुना होऊन बसतं.

तुम्ही म्हणाल, पसारा कोण आवरणार? मुलं. खोकं त्यांचं, झाडूही त्यांच्या हातात. तुम्ही म्हणाल, यानं मार्क मिळतात का? कदाचित दहापैकी पाचच मिळतील. मिळू देत. ते पाच तरी पोराचे असतील. आणि नमुना बघून करणं अगदीच वाईट, असंही माझं म्हणणं नाही. आकाशकंदील मापात कापला नाही तर जोडला जात नाही, घडी नीट पडली नाही तर पताका वाकडी होते. ते शिकावंच लागतं. पण रोज पुस्तकातलंच गिरवलं तर गाईला पाचवा पाय लावायची हिंमत पोरांना कधी होणार?

आपण आपल्याशी एक नियम करू या. मूल कापत असताना त्याच्या कात्रीला हात लावायचा नाही. "हे काय केलंस?" असं विचारायचं नाही, "सांग बघू याच्याबद्दल" असं म्हणायचं आणि ऐकायचं. ते पाचव्या पायाचं उत्तर मी नीट ऐकलं असतं, तर त्या मुलीला बक्षीस नाही तरी शाबासकी नक्की मिळाली असती.

आणि शाळांना, महिला मंडळांना, गणेशोत्सव मंडळांना एक विनंती. हस्तकलेची स्पर्धा जागेवर घ्या. सगळ्यांना सारखेच कागद, सारखीच कात्री, तासभर वेळ द्या. नमुना देऊ नका, आयांना बाहेर बसवा. परीक्षकांनी मार्क देण्याआधी प्रत्येक मुलाशी दोन मिनिटं बोलावं. खर्च वाढत नाही, उलट कमीच होतो. आमच्याकडे आता असंच करायचं ठरलंय. पहिल्या खेपेला मोर कमी आणि चिंध्याच जास्त दिसतील, हे मी मंडळाच्या बायकांना आधीच सांगून ठेवलंय. लग्नपत्रिकांचा गठ्ठाही बांधून ठेवलाय, तुळशीच्या लग्नापासून जमवलेला.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. कुठे असते, मला माहीत नाही. हा लेख तिच्या वाचनात आला तर तिनं एवढंच समजावं, की तिचे कापलेले दोन मार्क चुकीचे होते.