मेणबत्ती तुमची, मग जबाबदारी कुणाची?

दिवाळी जवळ आली की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोट्स कमी आणि फोटो जास्त फिरायला लागतात. काचेच्या बरणीतल्या सुगंधी मेणबत्त्या, रेझिनचे कीचेन, क्रोशाची खेळणी, घरी केलेले साबण, कानातले, कंदील. खाली एक ओळ, 'ऑर्डर घेणं सुरू आहे, डीएम करा.' पॉकेटमनी सुटतो, हातातली कला चार लोकांपर्यंत पोचते आणि घरच्यांनाही बरं वाटतं. या धडपडीचं कौतुक व्हायलाच हवं. पण कौतुकाच्या भरात एक प्रश्न राहून जातो. तुम्ही विकलेल्या मेणबत्तीची बरणी तडकली, पडद्यानं पेट घेतला आणि कुणाचा हात भाजला, तर भरपाई कोण देणार?

याचं उत्तर बहुतेक वेळा 'तुम्ही' असंच असतं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये 'उत्पादन दायित्व' नावाचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. 2020 च्या जुलैपासून ते लागू आहे. सदोष वस्तूमुळे कुणाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर वस्तू बनवणाऱ्याकडे भरपाई मागता येते. कारखाना मोठा की स्वयंपाकघरातला ओटा, असा भेद त्यात नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वस्तू नीट बनवली, पण ती कशी वापरायची आणि काय टाळायचं हे पुरेसं सांगितलंच नाही, तरीही बनवणारा जबाबदार ठरू शकतो. म्हणजे सुंदर लेबलवर नुसतं 'विथ लव्ह' लिहून भागत नाही.

'पण माझी कंपनीच नाही, मी तर सहज करते' असं म्हणाल, तर तिथंच खरी गोम आहे. कंपनी नसते तेव्हा धंदा आणि तुम्ही कायद्याच्या नजरेत एकच असता. भरपाई धंद्याच्या गल्ल्यातून देता आली नाही, तर ती तुमच्या बचतीतून द्यावी लागते. उद्यम नोंदणी फुकट होते, जरूर करा, पण तिच्यानं हे चित्र बदलत नाही. आणि क्यूआर कोड आईच्या खात्याचा असेल, तर विक्रेती म्हणून तिचंही नाव पुढं येऊ शकतं. हे घरी एकदा तरी बोलायला हवं.

इथं विमा उपयोगी पडतो. पण विमा म्हटलं की सगळे एकच समजतात आणि तिथंच फसतात. आग, पूर, चोरी यांत तुमचा कच्चा माल आणि मशीन गेलं, तर त्यासाठी मालमत्तेचा विमा असतो. छोट्या उद्योगांसाठी 2021 पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे, ती या प्रकारातली. तुमच्या मेणबत्तीनं दुसऱ्याचं घर जळालं, तर तिचा उपयोग नाही. दुसरा प्रकार सार्वजनिक दायित्वाचा, म्हणजे पब्लिक लायबिलिटी. तुमच्या स्टॉलचा स्टँड कुणाच्या डोक्यात पडला, वायरीत पाय अडकून कुणी आपटलं, तर तो कामाला येतो. तिसरा प्रकार उत्पादन दायित्वाचा, म्हणजे प्रॉडक्ट लायबिलिटी. वस्तू विकून झाल्यावर, गिऱ्हाइकाच्या घरी तिनं जे नुकसान केलं, त्यासाठी हा विमा. ऑनलाइन विकणाऱ्याला तिसरा जास्त महत्त्वाचा, प्रदर्शनात बसणाऱ्याला दुसरा आणि तिसरा दोन्ही.

नावाचा एक घोळही ध्यानात ठेवा. इंटरनेटवर शोधलं की 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा समोर येतो. तो भोपाळ वायू दुर्घटनेनंतर आलेला, घातक रसायनं हाताळणाऱ्या उद्योगांसाठीचा कायदा आहे. तुमच्या स्टॉलचा त्याच्याशी संबंध नाही. एजंटाला विचारताना 'माझ्या वस्तूमुळे तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली तर' असं सरळ मराठीत विचारा. गोंधळ होणार नाही.

आता महत्त्वाचं. प्रत्येकानं धावत जाऊन पॉलिसी घ्यावी, असं आमचं म्हणणं नाही. कागदी बुकमार्क आणि ग्रीटिंग कार्डं विकणाऱ्यानं प्रीमियम भरण्याआधी दहा वेळा विचार करावा. आधी स्वतःला विचारा, माझी वस्तू जास्तीत जास्त काय बिघडवू शकते? ती पेटते का, विजेवर चालते का, अंगाला लागते का, लहान मुलाच्या तोंडात जाते का? यातल्या एकाचं जरी उत्तर 'हो' असेल, तर विम्याची चौकशी कराच.

चौकशी करताना नुसता प्रीमियम विचारू नका. तो वस्तू, वर्षाची उलाढाल, विम्याची मर्यादा आणि विक्री कुठं होते, यावर ठरतो. स्वस्त पॉलिसीत काय वगळलंय ते आधी बघा. पुढचे प्रश्न वहीत लिहून न्या. एका घटनेसाठी किती रक्कम मिळेल आणि अख्ख्या वर्षासाठी किती? वकिलाचा खर्च त्याच रकमेतून जाणार का? पहिले किती रुपये मला खिशातून भरावे लागतील? परदेशात पाठवलेल्या मालाला संरक्षण आहे का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. न्यू जर्सीच्या मावशीनं आपल्या मैत्रिणींसाठी वीस कंदील मागवले की आपण हरखून जातो. पण भारतापुरत्या पॉलिसीत तिथला दावा येत नाही आणि अमेरिकेतला दावा फार महागात पडू शकतो.

आणखी एक प्रश्न, जो सहसा कुणी विचारत नाही. अशा पॉलिसी बहुतेक वेळा दावा ज्या मुदतीत केला जातो, त्या मुदतीवर चालतात. मेणबत्ती तुम्ही ऑक्टोबरात विकलीत, तिनं ती एप्रिलमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाला लावली आणि तेव्हा घोळ झाला. तुमची पॉलिसी मार्चमध्ये संपली आणि 'आता सीझन नाही' म्हणून तुम्ही ती पुढं चालवली नाही, तर हात वर. म्हणून सीझनपुरता विमा आणि वर्षभर वापरली जाणारी वस्तू, हे गणित जुळतं का ते आधी बघा.

विमा घेतला म्हणजे बाकी सगळं माफ, असंही नाही. साबण, लिप बाम, क्रीम विकण्यासाठी बनवायला सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो आणि महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 2021 पासून भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, पण हौसेनं क्रोशाचा ससा विणून विकणारा विद्यार्थी आपोआप त्या यादीत बसत नाही. परवाना नसताना अर्जात 'आहे' लिहिलंत, तर हप्ते भरूनही दावा नाकारला जाऊ शकतो. विम्याचा अर्ज हा परीक्षेचा पेपर नाही. तिथं अंदाजपंचे लिहायचं नसतं.

आणि जे फुकटात होतं ते आजच करा. वात सहा मिलिमीटरपर्यंत कापा, सलग चार तासांपेक्षा जास्त जाळू नका, पडद्यापासून लांब ठेवा, या तीन ओळी मराठीत लेबलवर छापा. कानातल्यांत निकेल असेल तर तसं लिहा. कोणत्या घाण्यातली वस्तू कुणाला विकली, याची तारखेनिशी नोंद ठेवा. एक बरणी तडकली तर त्याच घाण्यातल्या बाकीच्या बरण्या कुणाकडे आहेत, हे लगेच कळेल आणि पुढचं नुकसान टळेल.

आता थोडं कॉलेजांना आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांना. फेस्टमध्ये, फनफेअरमध्ये विद्यार्थ्यांकडून स्टॉलचं भाडं घेतलं जातं. त्याबरोबर एक फॉर्मही भरून घेतला जातो आणि 'कोणत्याही अपघाताला आयोजक जबाबदार नाहीत' ही ओळ त्यात असते. विद्यार्थी ती न वाचता सही करतात. एकेकट्या विद्यार्थ्याला पॉलिसी परवडत नाही, छोटी रक्कम म्हणून विमा कंपन्याही फारशा उत्सुक नसतात. पण पन्नास स्टॉल असलेल्या कार्यक्रमाचा मिळून एक सार्वजनिक दायित्व विमा आयोजकानं घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्च थोडाच येईल. उद्योजकता कक्षानं पाहुण्यांची व्याख्यानं ठेवावीत, पण एक तास विमा एजंटालाही बोलवावं आणि पॉलिसीची प्रत सगळ्यांसमोर वाचून घ्यावी. स्टॉलच्या भाड्यात विमा आहे की नाही, हे फॉर्मवर स्पष्ट लिहायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. विद्यार्थी प्रतिनिधींनी या वर्षीच्या फेस्टच्या पहिल्याच मीटिंगमध्ये हा मुद्दा मांडावा.

विमा घेऊनही दावा अडला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर विमा लोकपाल आहे. मुंबईत आणि पुण्यात त्याची कार्यालयं आहेत, एकट्याच्या मालकीच्या छोट्या धंद्यालाही तिथं जाता येतं आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

तुमच्या हाताला कला आहे म्हणून लोक विश्वासानं विकत घेतात. समोरचा माणूस ती वस्तू देवघरात ठेवणार आहे, बाळाच्या हातात देणार आहे. पुढची ऑर्डर घेण्याआधी एक संध्याकाळ काढा, वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीसमोर लिहा, हिच्यामुळे कुणाला काय होऊ शकतं. विम्याची गरज आहे की नाही, ते त्या यादीतूनच कळेल.